चार युरोपीय चषक, तीन क्लब : क्लॅरेन्स सीडॉर्फची फिरती कारकीर्द

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी.

फुटबॉलची चर्चा निघाली की एकाच क्लबात आयुष्य काढलेल्या खेळाडूंचे कौतुक हमखास होते. मिलानचा पाओलो माल्दिनी आणि रोमचा फ्रान्चेस्को तोत्ती ही नावे तर ठरलेलीच. जो खेळाडू क्लब बदलत राहतो त्याच्याविषयी मात्र, एका ठिकाणी न टिकलेल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलले जाते. हा निकष मधल्या फळीतल्या खेळाडूला सरसकट लावणे मला योग्य वाटत नाही, आणि त्यासाठी क्लॅरेन्स सीडॉर्फच्या कारकिर्दीकडे नीट पाहावे म्हणून हा धागा काढत आहे.

सीडॉर्फचा जन्म 1 एप्रिल 1976 रोजी सुरीनामच्या पारामारिबो शहरात झाला. लहानपणीच तो कुटुंबासह नेदरलँड्समध्ये आला, आयाक्सच्या प्रबोधिनीत वाढला आणि 1992 मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी आयाक्सच्या मुख्य संघातून उतरला. लुई व्हान खाल तेव्हा प्रशिक्षक होते. त्या संघाने 1994-95 चा डच लीगचा हंगाम एकही सामना न गमावता जिंकला आणि 24 मे 1995 रोजी व्हिएन्नात मिलानला 1-0 असे हरवून चॅम्पियन्स लीग ही युरोपीय क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धाही जिंकली. एकोणीस वर्षांचा सीडॉर्फ त्या सामन्यात सुरुवातीपासून खेळला. विजयी गोल बदली म्हणून आलेल्या पॅट्रिक क्लाइव्हर्टचा होता.

युरोपचा विजेता झालेला मुलगा तिथेच थांबला असता तर कोणी नवल केले नसते. तो मात्र त्याच उन्हाळ्यात जिनोआच्या सांप्दोरियाकडे गेला. हा क्लब त्या वेळी विजेतेपदाच्या शर्यतीत नव्हता. स्वेन-योरान एरिक्सन यांच्या हाताखाली तो त्या हंगामात आठवा आला. इटलीतल्या बचावफळ्या तेव्हा जगात सर्वांत कडक समजल्या जात आणि तिथे एक पूर्ण हंगाम काढणे ही मिडफिल्डरसाठी मोठी शाळा होती. 1996 मध्ये फाबिओ कापेल्लो रेआल माद्रिदचे प्रशिक्षक झाले, सीडॉर्फही तिथे गेला, आणि पहिल्याच हंगामात माद्रिदने स्पॅनिश लीग जिंकली. 1998 मध्ये युप हाइंकेस यांच्या कारकिर्दीत माद्रिदने युव्हेंटसला 1-0 असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. तो अंतिम सामना अ‍ॅम्स्टरडॅममध्ये, आयाक्सच्याच नव्या मैदानावर झाला.

1999-2000 चा हंगाम अर्ध्यावर असताना तो इंटर मिलानकडे गेला. इथे अडीच वर्षांत एकही चषक नाही. इटालियन कपचा अंतिम सामना लाझिओकडून गेला, 2002 च्या मे महिन्यात लीगच्या अखेरच्या दिवशी पुन्हा लाझिओकडूनच 4-2 असा पराभव झाला आणि हातातले विजेतेपद निसटले. तो सोडून गेल्यावर माद्रिदने मात्र 2000 आणि 2002 असे आणखी दोन युरोपीय चषक जिंकले. क्लब बदलण्याची किंमत काय असते, हे या अडीच वर्षांत दिसते.

2002 मध्ये इंटरने त्याला शहरातल्याच प्रतिस्पर्धी मिलानला दिले आणि बदल्यात बचावपटू फ्रान्चेस्को कोको घेतला. हा सौदा इंटरला किती महाग पडला याची चर्चा इटलीत अजून होते. सीडॉर्फ मिलानमध्ये दहा वर्षे राहिला. 2003 आणि 2007 चे चॅम्पियन्स लीग चषक, 2004 आणि 2011 ची लीगची विजेतेपदे आणि 2007 चा क्लब विश्वचषक, ही सर्व कमाई त्या दहा वर्षांतली आहे. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून चॅम्पियन्स लीग जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला. 2012 मध्ये तो ब्राझीलच्या बोटाफोगोकडे गेला आणि जानेवारी 2014 मध्ये खेळणे थांबवून थेट मिलानचा प्रशिक्षक झाला.

माझे म्हणणे असे की त्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या भटकंतीशिवाय मिलानमधली दहा वर्षे घडली नसती. इतरांची मते वाचायला आवडतील.

मांजराकाठ (लातूर)

गोदाकाठ, लेख आवडला, पण निष्कर्ष पटत नाही.

चार चषक हा आकडा ऐकायला मोठा आहे. मात्र प्रत्येक वेळी तो ज्या संघात होता तो संघच अफाट होता. आयाक्समध्ये रायकार्ड, लिटमानेन आणि ओव्हरमार्स होते. माद्रिदमध्ये रेदोंदो, राऊल, येरो आणि रॉबेर्तो कार्लोस होते. मिलानमध्ये माल्दिनी, नेस्ता, पिर्लो, शेव्हचेंको आणि पुढे काका. यांपैकी कोणत्याही संघाचा पहिला तारा म्हणून कोणी सीडॉर्फचे नाव घेईल का? उलट जिथे संघ अडचणीत होता, त्या इंटरमध्ये त्याच्या हाती काहीच लागले नाही. बलाढ्य क्लबांनी घेतले म्हणून चषक मिळाले, असाही या कारकिर्दीचा अर्थ लावता येतो.

आणखी एक मुद्दा. 2003 च्या अंतिम सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टी झाल्या, तेव्हा सीडॉर्फची पेनल्टी युव्हेंटसचा गोलरक्षक बुफॉनने अडवली होती. तो चषक सेर्जिन्यो, नेस्ता आणि शेव्हचेंको यांच्या पेनल्टींनी मिळवून दिला.

गोदाकाठ (नांदेड)

मांजराकाठ, पेनल्टीची गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. परंतु तुमच्या मुख्य आक्षेपाला मी त्या चार अंतिम सामन्यांच्या मांडणीतूनच उत्तर देईन.

1995 मध्ये तो आयाक्सच्या मधल्या फळीत उजव्या बाजूला होता, डावीकडे एडगर डाव्हिड्स होता आणि मागे रायकार्ड. 1998 मध्ये माद्रिदसाठी त्याला रेदोंदो आणि कारांब्यू यांच्या जोडीने मैदानाचा मोठा पट्टा राखावा लागला, कारण समोर झिदान आणि डाव्हिड्स होते. 2003 मध्ये कार्लो आन्चेलोत्ती यांनी मधल्या फळीची चौकट उभ्या समभुजासारखी मांडली होती. तळाला पिर्लो, उजवीकडे गात्तुसो, डावीकडे सीडॉर्फ आणि टोकाला रुई कोस्टा. 2007 मध्ये अथेन्सला लिव्हरपूलविरुद्ध हीच माणसे, पण मांडणी वेगळी: मागे गात्तुसो, पिर्लो आणि आम्ब्रोझिनी, त्यांच्या पुढे काका आणि सीडॉर्फ, सर्वांत पुढे एकटा इन्झागी. म्हणजे चार अंतिम सामन्यांत हा माणूस उजवीकडे, मध्यभागी, डावीकडे आणि थेट आघाडीच्या पाठीमागे असा चार प्रकारे खेळला. याखेरीज 2005 चा इस्तंबूलचा अंतिम सामनाही तो खेळला, ज्यात मिलानने 3-0 ची आघाडी गमावली आणि पेनल्टीवर लिव्हरपूल जिंकले.

नशिबाने मोठ्या संघात गेलेला खेळाडू एका जागी बसवता येतो. प्रशिक्षक बदलले, डावपेच बदलले, वय बदलले आणि तरीही पहिल्या अकरा जणांत नाव कायम राहते, तेव्हा नुसते नशीब पुरे पडत नाही. तो तारा नव्हता हे मान्य. तारे जिथे उभे राहू शकतील अशी जागा तो तयार करत असे, आणि ती विद्या एका क्लबात, एका पद्धतीत राहून क्वचितच येते.

टकळी (परभणी)

मी शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो, त्यामुळे थोडे तांत्रिक अंगाने लिहितो.

आमच्याकडे मैदानावर आलेल्या प्रत्येक मुलाला आघाडीवरच खेळायचे असते. मधल्या फळीत जा म्हटले की चेहरा पडतो, कारण तिथल्या कामाची नोंद गोलफलकावर होत नाही. अशा मुलांना मी सीडॉर्फच्या जुन्या चित्रफिती दाखवतो. त्यात तीन गोष्टी पाहायला सांगतो. चेंडू येण्याआधी तो खांद्यावरून मागे पाहतो. चेंडू घेताना शरीर अर्धे वळलेले असते, त्यामुळे पहिल्या स्पर्शातच पुढची दिशा उघडते. आणि विरोधी खेळाडू पाठीशी आला की तो धडपडत नाही. कंबर आणि मांड्यांच्या ताकदीवर चेंडू झाकून उभा राहतो आणि फाउल तरी मिळवतो, नाही तर वळून निघतो.

पिर्लोविषयी सगळे भरभरून बोलतात आणि ते योग्यही आहे. मात्र पिर्लो वेगवान नव्हता आणि झटापटीतही कच्चा होता. विरोधकांनी त्याच्यावर माणूस लावला की मिलानचा खेळ बंद पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण चेंडू डावीकडे सीडॉर्फकडे जाई आणि तो दोन माणसांच्या गराड्यातही चेंडू टिकवून धरत असे. गात्तुसो चेंडू हिसकावून आणी, पिर्लो लांब पास देई, आणि या दोहोंमधला वेळ सीडॉर्फ मिळवून देई. सामन्यानंतरच्या आकडेवारीत या तिसऱ्या कामाचा रकाना नसतो.

दोन्ही पायांनी सारखाच जोरकस फटका मारण्याची क्षमता हा आणखी एक गुण. 2004 च्या फेब्रुवारीत इंटरविरुद्धच्या स्थानिक लढतीत मिलान 0-2 असे मागे होते आणि शेवटी 3-2 असे जिंकले. तिसरा गोल सीडॉर्फचा, दुरून मारलेला. ज्या क्लबाने त्याला सोडले त्याच क्लबाविरुद्ध.

दुधना (सेलू)

टकळी सर, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. मला राष्ट्रीय संघाबद्दल लिहायचे आहे, कारण या कारकिर्दीतला सर्वांत अवघड भाग तोच आहे आणि धाग्यात अजून आला नाही.

सीडॉर्फ नेदरलँड्सकडून 87 सामने खेळला आणि त्याने 11 गोल केले. संख्या कमी नाही. पण विश्वचषक किती खेळला? फक्त एक, 1998 चा. त्या वेळी नेदरलँड्स उपांत्य फेरीत ब्राझीलकडून पेनल्टीवर हरले. 2002 साठी संघ पात्रच ठरला नाही. 2006 मध्ये प्रशिक्षक मार्को व्हान बास्टन यांनी त्याला विश्वचषकाच्या संघात घेतले नाही, आणि पुढच्याच वर्षी हा खेळाडू मिलानबरोबर युरोपचा विजेता झाला. 2008 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेआधी त्याने स्वतःच माघार घेतली.

पेनल्टीचे भूत इथेही आहे. 1996 च्या युरोत फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत पाच जणांपैकी एकट्या सीडॉर्फची पेनल्टी अडवली गेली आणि नेदरलँड्स बाहेर पडले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तुर्कस्तानविरुद्धही त्याने पेनल्टी वाया घालवली. डच प्रेक्षकांनी हे दोन्ही प्रसंग त्याला कधी विसरू दिले नाहीत. क्लबने नाकारले तर खेळाडू दुसऱ्या गावी जाऊन नाव कमावतो. देशाचा संघ मात्र बदलता येत नाही.

गोदाकाठ, तुमच्या मांडणीला इथे एक जोड द्यावीशी वाटते. क्लबांमध्ये त्याच्या अष्टपैलूपणाचा उपयोग झाला आणि राष्ट्रीय संघात त्याच गुणाने त्याचे नुकसान केले. त्या पिढीत बेर्गकाम्प, ओव्हरमार्स, डाव्हिड्स, कोकू, रोनाल्ड डी बोअर अशी गर्दी होती. कुठेही खेळू शकतो म्हणून त्याला उरलेल्या जागी, बऱ्याचदा उजव्या बाजूला उभे केले जाई.

मांजराकाठ (लातूर)

दुधना, हा मुद्दा मला पटला. सरकारी खात्यात जो कोणत्याही टेबलावर बसू शकतो त्याचीच बदली सर्वांत आधी निघते, तसे झाले म्हणायचे.

इंटरबद्दल माझे मत अजून कायम आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच.

सुरीनाम 25 नोव्हेंबर 1975 रोजी डच सत्तेतून स्वतंत्र झाला आणि सीडॉर्फ त्यानंतर चार महिन्यांनी जन्मला. स्वातंत्र्याच्या आगेमागे तिथल्या लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा नेदरलँड्समध्ये स्थलांतरित झाला. डाव्हिड्स, आरोन विंटर आणि जिमी फ्लॉइड हॅसलबाइंक हेही पारामारिबोचेच. खुलित आणि रायकार्ड यांचे वडील सुरीनामचे. जेमतेम सहा लाख वस्तीच्या देशातून एवढे खेळाडू निघाले, पण त्याचा फायदा सुरीनामच्या संघाला झाला नाही, कारण डच नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला सुरीनामकडून खेळता येत नसे. अलीकडे विशेष क्रीडा पारपत्राची सोय झाल्यावर हे चित्र बदलले.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे 1873 मध्ये ‘लल्ला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन सुरीनामला पोहोचले. त्यांत बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे होते. त्यांचे वंशज आजही तिथे मोठ्या संख्येने आहेत आणि अनेक जण पुढे नेदरलँड्सला गेले. सीडॉर्फचा समाज आफ्रिकी वंशाचा, म्हणजे ही वेगळी शाखा. पण मळे, करार आणि समुद्रापलीकडचे स्थलांतर हा इतिहास दोघांचाही आहे. डच, इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि सुरीनामची स्रानान अशा सहा भाषा सीडॉर्फ बोलतो. नव्या क्लबात गेल्यावर ड्रेसिंग रूममध्ये दुभाष्याची गरज न पडणे ही मिडफिल्डरसाठी लहान गोष्ट नाही, कारण मैदानावर सर्वांत जास्त बोलावे लागते ते त्यालाच.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाट यांनी डाव्हिड्सचे नाव घेतले म्हणून तुलना करतो, कारण दोघांची कारकीर्द समांतर सुरू झाली आणि फार वेगळी संपली.

आयाक्सच्या 1995 च्या संघात एक उजवीकडे, दुसरा डावीकडे. डिसेंबर 1995 मध्ये युरोपीय न्यायालयाने बॉसमन प्रकरणात निकाल दिला, करार संपलेल्या खेळाडूला हस्तांतरण शुल्काशिवाय जाण्याची मुभा मिळाली, युरोपीय संघातल्या नागरिकांवरची परदेशी खेळाडूंची मर्यादाही उठली. त्यानंतर आयाक्सचा तो संघ दोन वर्षांत विखुरला. डाव्हिड्स 1996 मध्ये मिलानला गेला, तिथे जमले नाही, मग युव्हेंटसमध्ये त्याची सर्वोत्तम वर्षे गेली. पुढे बार्सिलोना, इंटर, टॉटनहॅम, पुन्हा आयाक्स, क्रिस्टल पॅलेस आणि शेवटी इंग्लंडच्या खालच्या लीगमधले बार्नेट, जिथे तो खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता.

आता चॅम्पियन्स लीगचे पाहा. डाव्हिड्स 1996 चा अंतिम सामना आयाक्सकडून हरला आणि स्वतःची पेनल्टी चुकवली. 1998 चा युव्हेंटसकडून हरला, समोर सीडॉर्फ होता. 2003 चाही युव्हेंटसकडून हरला, तेव्हाही समोर सीडॉर्फच. गुणवत्तेत दोघांत फारसे अंतर होते असे मला वाटत नाही. चेंडू हिसकावण्यात डाव्हिड्स सरसच होता. म्हणून मांजराकाठ म्हणतात त्या नशिबाचा वाटा मी पूर्णपणे नाकारणार नाही.

तिसरे उदाहरण एस्तेबान काम्बियासोचे. अर्जेंटिनाचा हा मिडफिल्डर रेआल माद्रिदने 2004 मध्ये जाऊ दिला, इंटरमध्ये तो दहा वर्षे राहिला आणि 2010 मध्ये लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग हे तिन्ही चषक जिंकले. 2014-15 मध्ये लेस्टरला तळातून वर काढण्यात त्याचा मोठा हात होता. पुढच्या हंगामात लेस्टर इंग्लंडचे विजेते झाले, तेव्हा तो ग्रीसच्या ऑलिंपियाकोसमध्ये होता.

हरणा (परभणी)

आपल्या भागातल्या वाचकांसाठी एक नोंद करावीशी वाटते. सय्यद अब्दुल रहीम यांनी भारताला 1951 च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा आपले सारे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. रहीम हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला भारत चौथा आला आणि 1962 मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला हरवून पुन्हा सुवर्णपदक मिळाले, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. त्या हैदराबादी पिढीतल्या चांगल्या खेळाडूंनाही कलकत्त्याचे क्लब बोलावून नेत. सिकंदराबादचे तुळशीदास बलराम ईस्ट बंगालकडे गेले ते असेच. म्हणजे नावासाठी आणि पोटासाठी क्लब बदलणे हे काही युरोपातून आलेले खूळ नाही. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादच्या फुटबॉलशी असलेला आपला धागा सैल होत गेला, असे माझे मत आहे. यावर कोणी स्वतंत्रपणे लिहिले तर वाचायला आवडेल.

टकळी (परभणी)

हरणाताई, तो धागा तुम्हीच काढा.

दुधना (सेलू)

बोटाफोगोची दीड वर्षे सगळ्यांनी एका ओळीत उरकली. छत्तीस वर्षांचा खेळाडू चीन किंवा आखाताकडे न वळता ब्राझीलच्या लीगमध्ये जातो, जिथे उन्हाळा कडक, प्रवास लांबचे आणि सामन्यांची संख्या युरोपापेक्षा जास्त. 2013 मध्ये बोटाफोगोने रिओची राज्य स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय लीगमध्ये चौथे येऊन कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेत प्रवेश मिळवला. त्या स्पर्धेत खेळायच्या आतच सीडॉर्फ मिलानला निघून गेला.

गोदाकाठ (नांदेड)

दुधना, ती उणीव भरून काढल्याबद्दल आभार. प्रशिक्षकपदाविषयीही लिहायला हवे. जानेवारी 2014 मध्ये मास्सिमिलियानो आलेग्री यांना काढून मिलानने सीडॉर्फला आणले, तेव्हा त्याच्याकडे प्रशिक्षक म्हणून काहीच अनुभव नव्हता. संघ आठवा आला आणि जूनमध्ये त्याला हटवून इन्झागीला नेमले. पुढे चीनचे शेंझेन, स्पेनचे देपोर्तिवो ला कोरुन्या आणि क्लाइव्हर्टला सोबत घेऊन कॅमेरूनचा राष्ट्रीय संघ अशी त्याची फिरती चालू राहिली. यांपैकी कुठेही त्याला पुरेसा वेळ मिळाला नाही. देपोर्तिवो तर त्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीत उतरले.

खेळाडू म्हणून क्लब बदलताना त्याच्याजवळ पायातले कसब होते, ते पहिल्याच सरावात सर्वांना दिसत असे. प्रशिक्षकाचे काम दिसायला निदान एक पूर्ण हंगाम लागतो. मांजराकाठ, इंटरबाबत तुमचा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. त्या अडीच वर्षांत मार्चेल्लो लिप्पी, मार्को तार्देल्ली आणि एक्टर कूपर असे एकामागून एक प्रशिक्षक बदलले आणि कोणालाच मधली फळी स्थिर ठेवता आली नाही. कूपर यांच्या पद्धतीत तर कडेने धावणारे मिडफिल्डर हवे होते, आणि ते सीडॉर्फचे काम नव्हते.

मांजराकाठ (लातूर)

निम्मा तर निम्मा. मात्र याच कूपर यांच्या संघातून त्याने मार्च 2002 मध्ये युव्हेंटसविरुद्ध दोन गोल करून 2-2 अशी बरोबरी साधून दिली होती, हे तुम्ही तुमच्या बाजूने लिहायला हवे होते. ते काम माझ्याकडून करून घेतलेत.